दुखण्याची वाटणी

"आठ," गजराबाई म्हणाल्या आणि मूठ वळून दाखवायला गेल्या. बोटं अर्ध्या वाटेवर थांबली.

"काल?"

"आठ."

"परवा?"

"ताई, तुमी कंदी बी इचारा, आठच. ते काय ऊन हाये का, आज जास्त, उद्या कमी व्हायाला?"

मी वहीत आठ लिहिले. मग कॅलेंडर बघितलं. गजराबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून दिवे लावायच्या वेळी जितकं दुखत असेल तितक्या रेघा त्या तारखेच्या चौकटीत ओढायच्या, असं मी त्यांना शिकवलं होतं. प्रत्येक चौकटीत आठ रेघा होत्या, शाळेतल्या मुलांसारख्या ओळीने उभ्या.

"तेल वेळेवर घेता ना? जिभेखाली, सकाळी पाच थेंब, संध्याकाळी पाच?"

"घेते की. चव चांगली हाये. गुन न्हाई." मग त्यांनी विचारलं, "पलीकडं जाऊन आलात का आधी?"

"ते मला सांगता येत नाही, गजराबाई."

"मी कुटं इचारते? कोन इचारतंय तिचं."

त्या वर्षी माझं काम एवढंच होतं. चौदा गावं, त्रेसष्ट माणसं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, किती दुखतंय. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आदल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यात चिकुनगुन्याची साथ येऊन गेली होती. ताप आठ दिवसांत उतरला, सांधे मात्र वर्ष उलटलं तरी धरलेलेच. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. ही मुंगी अजून निघालीच नव्हती. अशा माणसांवर एका आयुर्वेद महाविद्यालयाने अभ्यास काढला होता. औषध होतं विजयेचं तेल. विजया म्हणजे भांगेचंच झाड. वैद्यांच्या पोथीत तिचं नाव विजया, पोलिसांच्या पंचनाम्यात गांजा.

अर्ध्या बाटल्यांत विजयेचा अर्क घातलेलं तिळाचं तेल होतं आणि अर्ध्यांत नुसतं तिळाचं, पण रंगाला, वासाला अगदी तसंच. कुणाच्या वाट्याला काय आलं ते मला माहीत नव्हतं, अभ्यास चालवणाऱ्या वैद्य अवंती देवस्थळींनाही माहीत नव्हतं, आणि घेणाऱ्याला तर नव्हतंच. बाटलीवर फक्त नंबर. जो बारा आठवडे नेमाने तेल घेईल आणि रेघा ओढील, त्याला पुढे वर्षभर खरं तेल मिळणार होतं. ज्यांच्या वाट्याला नुसतं तीळतेल आलं त्यांनाही. लोक त्या वर्षाकडे डोळे लावून बसले होते, आणि त्यात काही चूक नव्हतं.

मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. रोज साठ-सत्तर किलोमीटर स्कूटी, डोंगराकडचे रस्ते, संध्याकाळी घरी आले की चप्पल काढायलाही वाकवत नसे. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी लिहून घ्यायची आणि रात्री स्वतःची कंबर शेकायची. पण माझा आकडा कुठल्याच वहीत नव्हता, तेव्हा तो जाऊ द्या.

बोरदरीतलं बोडख्यांचं घर एकच होतं, पण त्याच्या मधोमध भिंत होती. थोरला भिवसेन, धाकटा यादव. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं आणि अकरा वर्षांपूर्वी दगड-मातीची भिंत उठली, ती घर चिरत थेट परसापर्यंत गेली. दारं दोन, चुली दोन, रेशनकार्डं दोन. पुढचा ओटा तेवढा तोडता आला नाही म्हणून तसाच राहिला. त्याच्या एका टोकाला भिवसेन बसायचा, दुसऱ्या टोकाला यादव, आणि मधे एक पिवळं कुत्रं. ते दोघांचंही होतं, कारण ते कुणाच्या नावावर नव्हतं.

गजराबाई ही भिवसेनची बायको, अनुसा यादवची. दोघी जावा एकाच आठवड्यात तापाने पडल्या होत्या आणि दोघींचे हात सारखेच धरले होते. एका घरातले दोघे अभ्यासात घ्यायचे नाहीत, असा आमचा नियम होता. औषधाची देवाणघेवाण होऊ नये म्हणून. पण कागदावर घरं दोन होती आणि अबोला अकरा वर्षांचा. जिथे कोथिंबिरीची काडी इकडची तिकडे जात नाही तिथे औषध कुठलं जाणार, असा मी हिशोब केला आणि दोघींची नावं घातली. त्या दोन्ही दारांतून आत जाणारी मी गावात एकटीच होते.

यादवला या सगळ्याची गंमत वाटायची. "आमच्या आज्याच्या चिलमीला कंदी डाक्टर लागला न्हाई," तो ओट्यावरून म्हणायचा, "आन् हितं थेंब मोजाया बाई येती गाडीवर."

भिवसेन त्यावर हसायचा नाही. भाऊ बोलला की तो दुसरीकडे बघायचा.

दुसऱ्या आठवड्यात अनुसाकडे गेले तर ती भाकरी थापत होती. महिन्याभरापूर्वी तिला पाण्याचा तांब्या धरवत नव्हता. मी दारातच उभी राहिले.

"किती?"

"तीन," ती म्हणाली आणि लाजली. दुखणं कमी झालं हे सांगतानाही बायकांना चोरी केल्यासारखं वाटतं, हे मी त्या कामात खूपदा बघितलं.

"चक्कर येते का? झोप जास्त? तोंड कोरडं पडतं?"

"तोंड पडतं थोडं. पानी पिते."

"दुखणं गेलं म्हणायचं का?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, विचार केला. "गेलं न्हाई ताई. लांब गेलंय. शेजारी कुनीतरी भांडतंय आन् आपुन आपल्या घरात बसून ऐकतोय, तसं झालंय."

मी ते शब्द वहीच्या कडेला लिहून ठेवले. वहीत त्यासाठी जागा नव्हती.

पलीकडे गजराबाईंचे आठच. त्यांना धुणं पिळवत नव्हतं, कुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडत नव्हतं. भिवसेन एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "हिचं काय व्हईल का? तोंडानं काय बोलत न्हाई ती. पर चहा पिताना कप दोनी हातांनी धरती, आन् तरी सांडती." मी म्हटलं, बारा आठवडे होऊ द्या, मग पुढचं वर्ष खरं तेल मिळेल. तो म्हणाला, मंग बारा करा लवकर. जणू ते माझ्या हातात होतं.

पाचव्या आठवड्यात मी अनुसाचं कॅलेंडर बघितलं. पाच रेघा. सगळ्या आठवड्यात पाच-पाच. तीनचे पाच का झाले म्हणून विचारलं, तर "हवा बदलली" म्हणाली. मी पलीकडे गेले. गजराबाईंचेही पाच. सगळ्या आठवड्यात पाच-पाच.

"गुण आला वाटतं," मी म्हटलं.

"आला की."

"कधीपासून?"

"आला हळूहळू."

घरी जाताना मला बरं वाटायला हवं होतं. पण दुखणं इतकं शिस्तीचं नसतं. चार वर्षं मी माणसांची दुखणी लिहिली होती. ती चढतात, उतरतात, अमावास्येला वाढतात, माहेरचं माणूस आलं की निम्मी होतात. दोन बायकांचं दुखणं सात दिवस एका आकड्यावर बसून राहत नाही.

पुढच्या आठवड्यात मी बुधवारऐवजी मंगळवारी गेले, आणि दुपारऐवजी दिवे लागायच्या सुमाराला. ओट्यावर दोघे भाऊ आपापल्या टोकाला बसले होते. स्कूटी मागे लावते म्हटलं आणि परसाकडून वळले.

गजराबाई भिंतीला तोंड करून उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्यासमोर, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीतला एक दगड काढून बाजूला ठेवलेला होता. त्या फटीतून एक हात इकडे आला होता. हातात पितळेची वाटी होती.

"हं, हळू," गजराबाई म्हणत होत्या. "तुजा आंगठा आज धरलाय, तू सहा थेंब घे. मला चार पुरं."

"न्हाई अक्का. पाच-पाच ठरलंय. मोडायचं न्हाई."

माझी सावली पडली तशा गजराबाईंनी वर बघितलं. त्या दचकल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अनुसा, ताई हायेत."

फटीत अनुसाचा अर्धा चेहरा आला, एक डोळा आणि नथ.

मी खाली बसले. कंबरेतून कळ आली आणि मी तशीच बसून राहिले. "कधीपासून चाललंय हे?"

"त्येलाचं म्हनताय का बोलन्याचं?" गजराबाईंनी विचारलं.

"तुम्ही बोलता एकमेकींशी?"

"दगड ढिला झाला तवापून. धा वर्सं झाली. आमची मानसं ओट्यावर असत्यात, तवा घडीभर." त्या सहज म्हणाल्या. "मीठमिरची देतो, काय सुखदुख सांगतो. त्यांचं वैर त्यांच्यापाशी."

"आणि तेल?"

"म्या इचारलं हिला, गुन हाये का. ही म्हनली, हाये. म्या म्हनलं, माज्याला न्हाई. मंग ही म्हनली, अक्का, निम्मं माजं घे. म्या म्हनलं, तसं फुकटचं नको. माजी बी बाटली वत. दोनी एकात करू आन् निम्मं-निम्मं घेऊ. वाटनी नीट झाली पायजे. या घराचं वाटोळं वाटनीपायीच झालंय."

"अहो, पण अनुसाबाईंचं दुखणं तीनवर आलं होतं! ते परत पाचवर गेलं की."

"गेलं ना," फटीतून अनुसा म्हणाली. "आन् अक्काचं आठावरून पाचवर आलं. आदी माजे तीन आन् तिचे आठ, अकरा व्हत्ये. आता पाच आन् पाच, धा. एक कमीच झालं का न्हाई?"

मी मनात बेरीज करून बघितली. पदवी माझी संख्याशास्त्राची आहे.

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. असं केल्याने तेल खरंच चालतं की नाही ते कळत नाही, सगळ्या अभ्यासाला बाधा येते, पुढच्या हजारो माणसांचा प्रश्न आहे. दोघींनी नीट ऐकून घेतलं. पुढच्या हजारो माणसांबद्दल त्यांना वाईटच वाटलं असावं.

"मंग आता आमाला काडनार का?" गजराबाईंनी विचारलं.

"मला कळवावं लागेल."

"त्येलाचं ऱ्हाऊ द्या," अनुसा म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "न्या परत. पर ताई, ही फट कुनाला सांगू नका. तेवढं करा."

"बघते," मी म्हटलं.

या एका शब्दाने मी आयुष्यात किती जणांना फसवलंय ते देव जाणे. हो म्हणायची हिंमत नसते आणि नाही म्हणायची ताकद नसते, तेव्हा मी "बघते" म्हणते.

त्या रात्री मी अवंतीताईंना फोन केला. त्या भल्या बाई. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "सरोज, दोघींना वगळावं लागेल गं. वर्षाचं तेलही देता येणार नाही, नियमच तसा आहे. तू सरळ नियमभंगाचा फॉर्म भर. लपवू नकोस, बाहेरचे तपासनीस यायचे आहेत."

फॉर्ममध्ये एक रकाना होता: नियमभंग नेमका कसा घडला. मी तिथे "सहभागींनी औषध एकत्र केले" एवढंच लिहू शकले असते. ते खरंच होतं. पण मी दमलेली होते, आणि दमलेलं माणूस विचार करत नाही, सवयीने वागतं. माझी सवय सगळं लिहायची. मी लिहिलं: "दोन घरांमधील सामाईक भिंतीतील सैल दगड काढून, त्या फटीतून, रोज संध्याकाळी." फाइलमधले कागद कोण वाचतं, असं मला इतक्या वर्षांच्या नोकरीत वाटत आलं होतं.

तपासनिसाने तो फॉर्म वाचला. पंचविशीतला, नम्र मुलगा होता. पुढच्या गुरुवारी तो माझ्याबरोबर बोरदरीला आला. सहभागींसमोर नोंद वाचून दाखवून त्यांचा अंगठा घ्यायचा, अशी पद्धत. बसायला जागा एकच, तो ओटा. गजराबाई आपल्या दारात उभ्या राहिल्या, अनुसा आपल्या. भिवसेन एका टोकाला, यादव दुसऱ्या, मधे कुत्रं. मी त्याला म्हणाले, "आत जाऊन एकेकीला वाचून दाखवू या का?" तो म्हणाला, "मॅडम, दोनदा कशाला, दोघी इथेच आहेत." आणि त्याने खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"भिंतीतील सैल दगड" इथे भिवसेनने मान वर केली. "रोज संध्याकाळी" इथे यादवने.

वाचून झालं. दोघींनी अंगठे दिले. वाकडी बोटं शाईच्या पॅडवर टेकवायला गजराबाईंना वेळ लागला, आणि तो मुलगा शांतपणे थांबला. त्याचा काहीच दोष नव्हता.

मग भिवसेन उठला, घरातून मागे गेला आणि थोड्या वेळाने परत आला. यादवही जाऊन आला. दोघे ओट्यावर उभे राहिले. मला वाटलं, आता बायकांवर हात उचलतात की काय. पण भिवसेन भावाकडे वळला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

"शिमिट हाये का तुज्याकडं?"

"अर्धी गोनी हाये," यादव म्हणाला.

"वाळू माज्याकडं हाये."

एवढंच बोलले. मग एकाने वाळू आणली, दुसऱ्याने सिमेंट. थापीचा आवाज पुढपर्यंत येत होता. दोघी आपापल्या दारात उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता.

बाटल्या मी परत घेतल्या. गजराबाई आत जाऊन पितळेची वाटी घेऊन आल्या. "ह्यात बी उरलंय थोडं," म्हणाल्या. नियमाप्रमाणे तेही परत घ्यायचं होतं. मी ते बाटलीत ओतलं आणि वाटी कापसाने पुसून त्यांना दिली. त्यांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

पुढे अभ्यास पूर्ण झाला. बाटल्यांचे नंबर उघडले तेव्हा कळलं, अनुसाची बाटली खरी होती, गजराबाईंची नुसत्या तिळाची. एकसष्ट माणसांपैकी ज्यांना खरं तेल गेलं होतं त्यांतल्या बऱ्याच जणांना उतार पडला होता. सगळ्यांना वर्षभर तेल मिळालं. अहवालात एक ओळ होती: दोन सहभागींना नियमभंगामुळे वगळण्यात आले. ती ओळ मीच टाइप केली. बोरदरीला मी पुन्हा गेले नाही. जायचं कारण नव्हतं, आणि तोंड तर त्याहून नव्हतं.

पाच वर्षं गेली. माझ्या कंबरेतली चकती सरकली, कळ पायात उतरली. पट्टा बांधला, गोळ्या खाल्ल्या, मणक्यात इंजेक्शन घेतलं. स्कूटी विकली. शेवटी अवंतीताईंनी माझ्या नावाने विजयेचं तेल लिहून दिलं. रीतसर कागद, रीतसर बाटली. सहा थेंबांवर मला जरा बसता-उठता येऊ लागलं. महिन्याने त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय? दुखणं गेलं?"

"गेलं नाही," मी म्हटलं. "लांब गेलंय. शेजारी कुणीतरी भांडतंय आणि आपण आपल्या घरात बसून ऐकतोय, तसं."

"छान सांगितलंस," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

बाहेर येऊन चपला घालताना मला आठवलं की हे वाक्य माझं नाही. त्याच आठवड्यात मी एसटीने बोरदरीला गेले.

ओटा तसाच होता. एका टोकाला भिवसेन, दुसऱ्या टोकाला यादव. सिमेंटपुरतं बोलणं झालं होतं, पुढे ये रे माझ्या मागल्या. मधलं कुत्रं तेवढं मेलं होतं. मी दोघांनाही मोठ्याने नमस्कार केला. यादव म्हणाला, "गाडी कुटं गेली ताई?" मी म्हटलं, विकली. भिवसेनने फक्त दाराकडे हात केला.

गजराबाई खाटेवर बसल्या होत्या. बोटं आता पुरती वाकडी झाली होती. मला बघून म्हणाल्या, "किती वाळलात." मी खाटेचा खूर धरून हळूहळू खाली बसले, ते त्या बघत राहिल्या.

मी आधीच ठरवलं होतं तसं सांगून टाकलं. "गजराबाई, ती फट माझ्यामुळे गेली. मी लिहायला नको होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "नको व्हतं."

मग म्हटलं, "आता ते तेल वैद्यबाई रीतसर लिहून देतात. अभ्यास नाही, रेघा नाहीत. पुढच्या गुरुवारी मी गाडी घेऊन येते. दवाखान्यात चला."

"तिला बी?"

"तिलाही. मी त्या दारात जाऊन विचारते, यादवरावांसमोर."

"मंग येते. एकटी येनार न्हाई."

तेव्हा मला खिळ्यावरची कॅलेंडरं दिसली. एकावर एक, पाच-सहा वर्षांची, जाडजूड गठ्ठा. सगळ्यात वरचं या वर्षाचं होतं आणि कालच्या तारखेपर्यंत भरलेलं होतं.

"हे अजून भरता?"

"तुमी बंद करा म्हनलाच न्हाईत."

मी उठून जवळ गेले. प्रत्येक चौकटीत रेघांचे दोन गट होते, एक वर आणि एक खाली.

"हे खालचे कुणाचे?"

"तिचे."

"तुम्हाला कसं कळतं?"

"बसा," त्या म्हणाल्या. "दिवे लागू द्या."

बाहेर उजेड कमी झाला. गजराबाईंनी देवापाशी दिवा लावला, काडी दोन्ही तळव्यांच्या मधे धरून. मग खलबत्त्यातला बत्ता घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या आणि भिंतीजवळ बसल्या. मीही गेले. सिमेंटचा चौकोन परसात होता. इथे नुसती माती-दगडाची भिंत होती, शेणाने सारवलेली. एका जागी सारवण उडून दगड गुळगुळीत झाला होता.

पलीकडून ठोका आला. मग दुसरा. मी मोजत गेले. सहा.

गजराबाईंनी बत्ता दोन्ही हातांत धरला आणि आठ ठोके दिले. दर ठोक्याला त्यांचा चेहरा आवळत होता. मग त्या थांबल्या. थोड्या वेळाने पलीकडून आणखी एक ठोका आला.

त्या उठल्या, कॅलेंडरापाशी गेल्या आणि पेन्सिल मुठीत धरून आजच्या चौकटीत वर सात रेघा ओढल्या, खाली सात.

"पण तुमचे आठ होते आणि त्यांचे सहा," मी म्हटलं.

"तिनं माजा एक घेतला. तिचे जास्त असले तर मी घेते. वाटनी नीट झाली पायजे."

"असं घेतल्याने कमी होतं?"

"न्हाई वो ताई. दुखतंय ते दुखतंच." त्या माझ्याकडे बघून हसल्या, मला काही कळत नाही हे त्यांना आधीपासून माहीत असावं. "पर घेती ती."

मी कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. मला रडू येत होतं आणि ते मला त्यांच्यासमोर नको होतं.

"तुमचं किती?" गजराबाईंनी विचारलं.

"माझं?"

"खाली बसताना बगितलं म्या. किती?"

चार जिल्हे फिरले, किती जणांना हा प्रश्न विचारला त्याची गणती नाही. मला तो असा कुणी विचारला नव्हता. "पाच," मी म्हटलं. "पण मी ते तेल घेते, गजराबाई. तरी पाच."

त्या परत भिंतीजवळ जाऊन बसल्या. बत्ता उचलला आणि पाच ठोके दिले, आधीपेक्षा सावकाश.

"त्यांना काय कळणार हे कुणाचे?"

"कळंल. ओट्यावर तुमचा आवाज ऐकलाय तिनं."

मग आम्ही थांबलो. पलीकडे भांड्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. ओट्यावर यादव खोकला. मी भिंतीकडे बघत होते. सिमेंटची थापी मला आठवत होती, आणि पुसलेली वाटी. मला वाटलं, नाही येणार, आणि न येणंच बरोबर आहे. गजराबाई बत्ता मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या. त्यांना घाई नव्हती.

पलीकडून एक ठोका आला.

गजराबाई उठल्या. अनुसाच्या सात रेघांपुढे त्यांनी एक रेघ वाढवली. मग चौकटीत राहिलेल्या जराशा जागेत, अगदी खाली, चार रेघा ओढल्या.

"तुमचे चार," त्या म्हणाल्या.